खोटी गिऱ्हाइकं

घर हॉलंडात आणि भांडण सौदीतल्या कतीफमध्ये, असा तो शुक्रवार होता.

जुम्म्याची नमाज आटोपून सिराजुद्दीन घरी आला तेव्हा बैठकीच्या खोलीत टीव्हीवर तेच घर लावलेलं होतं. लाल विटांचं, उतरत्या छपराचं, पुढे हिरवळीची पट्टी आणि पट्टीपुढे पाण्यानं भरलेला चर. आठवडाभर या टीव्हीनं दुसरं काही दाखवलं नव्हतं. त्याच्या लेकीनं, अफशाँनं, घरच्या ग्रुपवर जाहिरातीची लिंक टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, 'आम्ही दोघं हे घर घ्यायचं म्हणतोय. फक्त दुवा करा.' फक्त दुवा करून गप्प बसेल असा माणूस या खानदानात अजून जन्मायचा आहे. हे तिला कळायला हवं होतं. चांगली बत्तीस वर्षांची बाई, तिकडे पाण्याच्या पंपांची इंजिनियर, आणि स्वतःच्या घरच्यांची एवढीही पारख नाही.

गावाचं नाव कुणाला म्हणता येत नव्हतं. म्हणायला गेलं की घशात काटा अडकल्यासारखा आवाज यायचा. म्हणून सगळे 'त्या गावात' म्हणायचे. त्या गावात एक शाळा, एक पाववाला, पुष्कळ बदकं आणि कमालीची शांतता, एवढं अफशाँनं सांगितलं होतं. शांतता हा शब्द ऐकून सिराजुद्दीननं तेव्हाच विचारलं होतं, "का? माणसं पळून गेली काय तिथली?"

"या खिडकीला पडदा नाही," टीव्हीपुढे बसलेली खतीजा म्हणाली. ती सिराजुद्दीनची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे व्हिजिट व्हिसावर आली, ती मुदत वाढवत वाढवत राहिली. पडद्याचं ती रोज म्हणायची.

"फुफी, तिकडे पडदे लावत नाहीत," इमाद म्हणाला. थोरला मुलगा, तबूकला बांधकामावर सुपरवायझर, दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेला.

"का? कापड मिळत नाही?"

"आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, असं दाखवायचं असतं."

"आपल्याकडे आहे ना पण. झैद घरात बनियनवर फिरतो. उद्या अख्खं गाव जावयाला बनियनवर बघेल, चालेल?"

"चालेल. बनियनच आहे."

"आणि संडासात पाण्याचा पाइप नाही. मी फोटो मोठा करून बघितला. कागद आहे. नुसता कागद."

बाकी प्रत्येक गोष्टीवर या घरात चार मतं होती, या गोष्टीवर एकच.

"ते पाइपचं होईल," सिराजुद्दीन टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाला. "खरी गोष्ट कुणी बोलतच नाही. घर समुद्राच्या खाली आहे. वर समुद्र आणि खाली पोरगी."

"अख्खा मुलूखच खाली आहे, अब्बा. त्यांनी बांध घातलेत."

"बांध माझ्या आजानंही घातला होता."

इमादनं डोळे मिटले. जयगडच्या खाडीकाठची आजाची भातशेती एका उधाणात कशी गेली, ही गोष्ट आता येणार हे त्याला कळलं. ती आलीच. दर वेळी ती शेती थोडी थोडी वाढायची. आज ती खाडीपासून डोंगरापर्यंत पोचली.

स्वयंपाकघरात सिराजुद्दीनची बायको मुन्नी हमूर माशाच्या कालवणात कोकमं टाकत होती आणि हे सगळं ऐकत होती. कागदोपत्री ती शरफुन्निसा, पण त्या नावानं तिला फक्त जवाजातच्या, म्हणजे पासपोर्ट कचेरीच्या, खिडकीवरचा माणूस हाक मारायचा. तिला त्या घराचा राग होता. विटांचा, छपराचा, बदकांचासुद्धा. भाड्याच्या घरात राहणारी पोरगी अजून वाटेत असते. कधीही फोन येऊ शकतो, अम्मी, आम्ही निघालो. घर घेतलं की संपलं. मग ती तिकडची. मग आपण तिच्याकडे पाहुणे म्हणून जायचं आणि पाहुणे म्हणून परत यायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ग्रुपवर सगळ्यांनी दुवा लिहिल्या तेव्हा तिनं फक्त एक गुलाब टाकला होता.

फोन वाजला तो जेवणं वाढताना. टीव्हीवरचं घर गेलं आणि तिथे अफशाँचा चेहरा आला. केस विस्कटलेले, नाक लाल.

"अब्बा, तुम्ही लिंक कुणाकुणाला पाठवलीत?"

सलाम नाही, दुवा नाही. या घरात बिनसलामाचा फोन एकाच कारणासाठी यायचा.

"कोण गेलं?" खतीजानं छातीवर हात ठेवला.

"कुणी गेलं नाही फुफी! घर गेलं!"

"पाणी शिरलं?" सिराजुद्दीन ताडकन उठला. "मी सांगत होतो!"

"पाणी नाही हो! ऐका ना जरा!" अफशाँनं डोळे पुसले. तिच्या मागे झैद उभा होता, फुल शर्ट घालून. खतीजानं ते बघून घेतलं. "आमची एजंट आत्ता बोलली. घरावर सात बोली आल्यात. सातच्या सात सौदीतून. एकानं लिहिलंय छप्पर वाकडं आहे. एकानं लिहिलंय भिंतीला ओल आहे. एकानं लिहिलंय घराला कुजका वास येतो. अब्बा, फोटोला वास कसा येईल?"

इमाद ताटातल्या माशाकडे बघू लागला.

"विकणारी म्हातारी आहे. एकटी. तिच्या नवऱ्यानं ते छप्पर स्वतःच्या हातानं घातलं होतं. ती सकाळपासून रडतेय. म्हणते, सात परक्या माणसांनी माझ्या मेलेल्या नवऱ्याला नावं ठेवली."

"या अल्ला," मुन्नी म्हणाली.

"आणि एक दाताचा डॉक्टर आहे शेजारच्या गावातला. त्यालाही हेच घर हवंय. इथे बोली एकदाच द्यायची असते, झाकून. दुसऱ्यानं किती लिहिले ते दिसत नाही. किती जण आहेत तेवढंच कळतं. सात जण आधीच आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, मग मी चांगला वर जातो. संध्याकाळी सगळं बंद होणार. आम्ही जेवढं जमत होतं तेवढं लिहिलंय. त्याच्यापुढे आमचं काय?" आणि बत्तीस वर्षांची इंजिनियर सगळ्या खानदानापुढे ओठ बाहेर काढून रडायला लागली.

आणि खरं सांगायचं तर मुन्नीच्या पोटात त्या क्षणी गुदगुल्या झाल्या. घर जाणार. पोरगी वाटेतच राहणार. आईच्या पोटात असं होऊ नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आई होऊन बघावं.

"मी नाही," खतीजानं सगळ्यांच्या आधी जाहीर केलं. "मी फक्त दिल दाबत होते. जाहिरातीखाली दिल आहे ना, ते. फजरच्या नमाजेनंतर उघडायचं, माशाल्ला म्हणायचं आणि दाबायचं. दुसऱ्या दिवशी बघते तर लाल झालेलं. परत दाबायचं."

"फुफी, परत दाबलं की ते निघून जातं."

"म्हणजे मी एक दिवसाआड दुवा काढून घेत होते?" खतीजाचा चेहरा पडला. तिला ट्यूलिप बघायची हौस नव्हती. तिला जन्मात एकदा अशा गावी जायचं होतं जिथे तिला आपा, फुफी, चाची म्हणणारं कुणी नसेल, आणि ते गाव तिला या टीव्हीत सापडलं होतं.

"सात जण कोण, मला एवढंच सांगा," अफशाँ म्हणाली.

"मी पाठवले," सिराजुद्दीन म्हणाला.

आवाजात लाज नव्हती. उलट कुणीतरी आता पाठ थोपटेल अशा बेतानं तो बसला होता. कतीफच्या मासळीबाजारात कफीलच्या, म्हणजे सौदी मालकाच्या, नावावर गाळा, पण हात आणि तोंड सिराजुद्दीनचं. हराज, म्हणजे लिलाव, कसा फोडायचा हे त्याला शिकवणारा अजून कुणी भेटला नव्हता. माल घ्यायचा असला की आधी आपली माणसं पुढे सोडायची. एकानं हमूरचा कल्ला उघडून नाक मुरडायचं. दुसऱ्यानं बोटानं दाबून मान हलवायची. तिसऱ्यानं पडेल भाव बोलून पाठ फिरवायची. विकणाऱ्याचा जीव कासावीस झाला की मग आपण सावकाश जायचं, जणू उपकार करायला. अख्खं घर त्यानं याच रीतीनं पोसलं होतं. मग लेकीसाठी का नाही करायचं?

"मी तुझ्यासाठी केलं," तो म्हणाला. "बाई घाबरली ना? रडते ना? म्हणजे काम झालंय. आता तू शांतपणे जा आणि अजून खाली बोल."

"अब्बा, इथे उलटं असतं! जितकी माणसं नाक मुरडतील तितका भाव चढतो!"

आयुष्यात पहिल्यांदा सिराजुद्दीनला बाजार कळला नाही.

"नाक मुरडल्यावर भाव चढतो?"

"हो!"

"मग हे गाव घेऊच नकोस. वेड्यांचं आहे."

"मी अब्बांना सांगितलं होतं," इमाद म्हणाला. "हे असलं परदेशात चालत नाही, असं मी सांगितलं होतं."

बाप वळला. "तू सांगितलंस? इंग्रजी कुणी लिहिली? माझं इंग्रजी 'नो फिश टुडे'च्या पुढे कधी गेलंय? कुजका वास कुणी घातला त्यात?"

"तुम्हीच म्हणालात जरा जोर लावून लिही!"

"जोर लाव म्हटलं होतं, वास लाव म्हटलं नव्हतं!"

"तबूकला शंभर घरं बांधलीत म्हणे यानं," खतीजा भाच्यावर घसरली, कारण दिलाचा विषय संपलेला बरा होता. "फोटोचा वास घेतो हा!"

"अब्बा, जरा शांतपणे घेतलं तर..." झैद पडद्यावरून म्हणाला.

"झैद, बाबा, तू पडद्याचं बघ," खतीजा म्हणाली. जावई मागे सरकला.

एवढा गोंधळ होऊन निष्पन्न काय, तर अफशाँनं एक वाट सांगितली. एजंटला आलेली प्रत्येक बोली धरावीच लागते, मग ती कितीही फालतू असो. पण ज्यानं बोली दिली त्यानंच, स्वतःच्या ईमेलवरून, मुदतीच्या आत मागे घेतली तर ती जाते. सातही जणांनी संध्याकाळच्या आत मागे घ्यायची. तेवढं झालं तर निदान डॉक्टरला गर्दी दिसणार नाही आणि तो फार वर जाणार नाही.

"यल्ला, चला," सिराजुद्दीन हात धुवायला उठला. "सात मिनिटांचं काम."

शुक्रवारची दुपार. जुम्मा झालेला, जेवण झालेलं. कतीफमधला कुठलाही मासळीवाला या वेळी फोन उचलत नाही. सिराजुद्दीन कानाला फोन लावून खोलीत येरझाऱ्या घालू लागला, इमाद लॅपटॉप घेऊन बसला. चार जणांचे ईमेल इमादनंच उघडून दिलेले निघाले. पासवर्डही त्यालाच माहीत. त्यानं चौघांच्या वतीनं चार माफीनामे लिहिले, चारही एकसारखे, आणि चौथा गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की चारही जणांची आजी एकाच दिवशी वारली आहे.

"काही हरकत नाही," सिराजुद्दीन म्हणाला. "एकाच आजीचे नातू म्हणून लिही."

"गेलं आता."

पाचवा लाँचवर होता, भर समुद्रात. तो किनाऱ्याजवळ आला आणि फोन लागला तेव्हा त्याला आधी हेच आठवेना की त्यानं हॉलंडात घर घेतलं होतं. आठवल्यावर तो इतका हसला की सुकाणू दुसऱ्याच्या हातात द्यावं लागलं. हसत हसतच त्यानं 'नो हाऊस, थँक यू' असं पाठवलं.

सहावा बर्फाच्या कारखान्याचा मुकादम. तो मदिनेत होता.

"सिराजभाई, मी हरममध्ये, नबींच्या मशिदीत बसलोय," तो कुजबुजला. "इथे बसून मी खोटं लिहू? जागा कोणती, बोलता काय?"

"खोटं नाही रे! फक्त मागे घ्यायचं."

"मागे घेण्यासाठी आधी खरं असायला लागतं. माझं मूळच खोटं. मी सगळं खरं लिहिणार."

"थांब! लिहू नको! मदिनेहून परत आलास की मग..."

फोन बंद झाला. थोड्या वेळानं मुकादमानं एजंटला पाठवलेल्या ईमेलची प्रत आली. इमादनं ती वाचली आणि डोक्याला हात लावला. मुकादमानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की मी बर्फ विकणारा माणूस आहे, मला घर नको होतं, छप्पर मी पाहिलेलं नाही, ते चांगलंच असेल, सिराजभाईनं आपल्या लेकीच्या प्रेमापोटी आम्हाला हे सांगितलं, अल्ला आम्हा सर्वांना माफ करो, आणि बाईसाहेब, तुमच्या नवऱ्यासाठी मी आत्ता इथे दुवा केली.

"इज्जत गेली," सिराजुद्दीन म्हणाला.

"इज्जत? त्या गावात तुमची कधी होती?" मुन्नी म्हणाली.

राहिला सातवा. जगदीश.

जगदीश सांगोल्याचा, कतीफच्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढायचा. दर आठवड्याला सिराजुद्दीनच्या गाळ्यावर पापलेट घ्यायला यायचा आणि घासाघीस न करता पैसे द्यायचा, म्हणून सिराजुद्दीनला त्याची थोडी कीव यायची. त्याला या खेळात घेतलं ते त्याचं इंग्रजी बरं म्हणून. फोन त्यानं पहिल्याच घंटीला उचलला.

"जगदीश, ते घराचं मागे घे. ताबडतोब."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"जगदीश?"

"सिराजभाई, राग मानू नका. मी नाही घेणार मागे."

"काय?"

"मला आवडलंय ते घर."

सिराजुद्दीननं फोन स्पीकरवर टाकला, कारण हे एकट्यानं ऐकण्यासारखं नव्हतं.

"अरे बाबा, तुझ्याकडे पैसे आहेत?"

"नाही."

"तिकडचा व्हिसा?"

"नाही."

"नोकरी? एखादा मामा तरी तिकडे?"

"काहीच नाही. पण सत्यभामानं फोटो बघितले. मागच्या अंगणात तुळस कुठे ठेवायची ते तिनं ठरवलंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, सिराजभाई, माझ्या कुठल्याही गोष्टीला ती पहिल्यांदा हो म्हणाली. आता मी तिला काय सांगू?"

"सांग, खोटं होतं!"

"ते तुम्ही सांगा," असं म्हणून जगदीशनं फोन ठेवला, आणि मग उचललाच नाही.

टीव्हीवर अफशाँ हे सगळं ऐकत होती. तिनं आता रडणंही सोडलं होतं. "म्हणजे माझं घर एका माणसाच्या तुळशीसाठी जाणार," ती म्हणाली. "ठीक आहे. जाऊ दे."

"मी जातो त्याच्या घरी," इमाद उठला. "दार तोडून..."

"बस खाली," मुन्नी म्हणाली.

ती दारात उभी होती, हात पदराला पुसत. आता तिला काहीही करायची गरज नव्हती. गप्प बसली असती तर घर गेलं असतं, कुणी तिला बोल लावला नसता, दोष नवऱ्याच्या आणि जगदीशच्या वाट्याला गेला असता. असा सोपा जय बाईच्या वाट्याला फार वेळा येत नाही. तिनं एकदा टीव्हीकडे बघितलं. मग स्वतःचा फोन घेतला, स्वयंपाकघरात जाऊन सत्यभामाला लावला आणि दार लोटून घेतलं. बाहेर खतीजानं दाराला कान लावला. तिला कुणी अडवलं नाही, कारण सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

"सत्यभामा, मी मुन्नी. जेवलीस गो?"

"जेवले, भाभी. तुम्ही घरासाठी फोन केलात ना? ते आत सिराजभाईंचे फोन कापत बसलेत." सत्यभामा हसली, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. "मला ठाऊक आहे हो, आपल्याला कोण देतंय तिकडे घर. मी येडी नाही. पण चार दिवस बरं वाटलं. रोज एक खोली लावत होते मनात. भाभी, या घरात देवाचा फोटो लावायला एक खिळा ठोकायचा होता, तर मालक म्हणाला भिंत खराब होईल. तीन वर्षं झाली, फोटो फ्रीजवर ठेवलाय. फ्रीज उघडला की देव हलतो."

मुन्नी ओट्याला टेकली. तिच्या घरातही खिळा नको म्हणून कॅलेंडर दाराच्या कडीला दोऱ्यानं बांधलेलं होतं. इतकी वर्षं. तिला ते कधी विचित्र वाटलं नव्हतं, आणि हाच सगळ्यात मोठा निगरगट्टपणा होता, की ते विचित्र वाटत नव्हतं.

"त्या घरात खिळे ठोकता येतात?" सत्यभामानं विचारलं.

"आपलं घर झालं की कुणाला विचारायचं?"

"मग अफशाँचं होऊ दे, भाभी. कुणाचं तरी होऊ दे."

"ऐक. घर झालं की आपण दोघी जाऊ. मी अब्बांना... म्हणजे इमादच्या अब्बांना इथेच ठेवीन. तू आणि मी."

"खरंच?"

"तुळस तुझ्या हातानं लाव."

"तिकडे थंडीत जगेल?"

"खिडकीत ठेवू. पडदा नाहीच आहे, ऊन सगळं आत."

दाराबाहेर खतीजा कळवळली. "आणि मी?" तिनं दारातून विचारलं. "मला सोडून चालल्यात दोघी!"

जगदीशची बोली मागे घेतल्याची प्रत मुदत संपायच्या जरा आधी आली. खाली कारण लिहिलं होतं, 'पत्नीची परवानगी नाही.' सात संपले. इमादनं लॅपटॉप मिटला. आता फक्त वाट बघायची होती.

बाजाराची वेळ झाली तरी सिराजुद्दीन उठला नाही. गाळ्यावरच्या पोऱ्याला फोनवर एवढंच सांगितलं, "तूच बघ आज. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे." मग तो बायकोकडे न बघता म्हणाला, "मुन्नी, डॉक्टरनं घेतलं तर पोरगी माझं नाव टाकेल काय गो?"

"नाव टाकायला धाडस लागतं. ते तिच्यात तुमच्याकडून आलेलं नाही," मुन्नी म्हणाली आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. साखर जास्त घातली होती.

अफशाँचा फोन आला तेव्हा तिनं सलाम केला. नीट, पूर्ण. त्यावरूनच सगळ्यांना कळलं.

"मिळालं?" इमाद ओरडला.

"मिळालं! पण तुम्हाला कसं सांगू..." ती हसत होती आणि हुंदके देत होती, दोन्ही एकदम. "डॉक्टर पळून गेला!"

"कुठे?"

"सात जण आहेत म्हणून तो जोरात होता. मग दुपारी त्याला कळलं की सातही जण एकाच दुपारी मागे सरले. त्याला वाटलं, सात माणसांना एकदम असं काय कळलं? पाया खचलाय, का बांधाचं काही आहे, का जमिनीत काही पुरलंय? त्यानंही बोली काढून घेतली. शेवटी आम्ही एकटेच उरलो, अब्बा! ज्या आकड्याला आम्ही लिहिलं होतं त्यालाच!"

मग सगळ्यांनी एकदम सिराजुद्दीनकडे बघितलं, आणि बघितल्यावर सगळ्यांना कळलं की ही मोठी चूक झाली. तो हळूहळू उठत होता. पाठ ताठ होत होती. मिशीचं टोक वर जात होतं.

"हराज आहे हा," तो म्हणाला.

"अब्बा, नको," इमाद म्हणाला.

"कतीफ असो नाहीतर हॉलंड. माल घ्यायचा तर आधी माणसं पुढे सोडायची..."

"तुम्हाला उलटं असतं हे माहीतच नव्हतं!"

"आणि मग मागे बोलवायची. हे मागे बोलवायचं कुणाला सुचतं? माझ्या आजाला सुचलं असतं तर शेती गेली नसती."

"त्यात हराजाचा काय संबंध?" खतीजा किंचाळली, पण तो ऐकत नव्हता. त्यानं फोन काढला होता आणि मासळीबाजारातल्या एकेकाला लावत होता. पहिल्याला सांगताना डॉक्टर एक होता. तिसऱ्याला सांगेपर्यंत डॉक्टर दोन झाले आणि त्यांतला एक हृदयाचा झाला. पुढच्या पिढीपर्यंत तो हॉलंडातला मोठा दवाखाना होणार, हे इमादला स्पष्ट दिसत होतं.

"आणि म्हातारी?" मुन्नीनं विचारलं. "रडायची थांबली का?"

"अम्मी, तिला मुकादमांचं ते ईमेल एजंटनं वाचून दाखवलं. ती खूप वेळ हसली म्हणे. मग म्हणाली, माझ्या नवऱ्यासाठी कुणीतरी वाळवंटात दुवा केली, आता छपराला कुणी काही म्हणू दे."

मुन्नीनं फोन टीव्हीवरून काढून हातात घेतला आणि गॅलरीत गेली. मागे गोंगाट चालला होता. खतीजा झैदला खिडक्यांची मापं घ्यायला सांग म्हणून ओरडत होती, इमाद विचारत होता की आजी वारलेल्या चौघांचं काय झालं. खाली गल्लीत पोरं गाड्यांच्या मधून चेंडू खेळत होती. ऊन उतरलं होतं.

"अफशाँ."

"बोल ना, अम्मी."

"ती बाई आता राहायला कुठे जाणार?"

हा प्रश्न अफशाँला कुणी विचारला नव्हता. "तिच्या लेकीकडे. लेक लांब असते, दुसऱ्या देशात. तिनंच बोलावून घेतलंय."

"स्वतःचं घर सोडून चालली?"

"हो."

"तिला तिथलं बोलणं समजतं?"

"मला माहीत नाही, अम्मी."

मुन्नी खाली पोरांकडे बघत राहिली. चेंडू कुणाच्या तरी गाडीला लागला आणि सगळी पोरं एकदम पळाली.

"किल्ली घ्यायला जाशील तेव्हा विचार तिला," ती म्हणाली. "जाताना भीती वाटते का. आणि लेकीकडे करमतं का, ते चार महिन्यांनी परत विचार. मग मला सांग. तुझ्या अब्बांना नको सांगूस. फक्त मला."